रिकाम्या खुर्चीची कमेंट

आपल्या दुकानाचा पाणउतारा करायला माणसाला दुकानाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही, हे थोरलीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा तिला नवलच जास्त वाटलं.

सकाळी ती शटरखालून वाकून आत आली, तर सगळे तिच्याआधी हजर. तिचा मोठा मुलगा, ज्याला बायको सोडून सगळं जग दादा म्हणतं, तो स्टुलावर हाताची घडी घालून बसलेला. धाकटा दाराला टेकलेला. ह्याला लहानपणापासून शेंडेफळ म्हणतात. तो विणलेल्या खुर्च्या घरोघर पोचवतो आणि जिथे पोचवतो तिथे त्याच खुर्चीवर बसून तासभर गप्पा हाणतो. दादाची बायको, थोरलीची सून, वेत भिजवायच्या टाकीपासून लांब, कोरड्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. थोरली दिसताच तिघंही गप्प झाली.

"बोला, बोला," थोरली म्हणाली. "मी काय, दुकानातल्या चार वस्तूंमधली एक. मला कुठे कान आहेत."

"आई, तो ब्लॉग बंद करायचाय," दादा म्हणाला. "आजच. वाचनालयाच्या बाई दुपारी येतायत, त्याच्या आत."

"मी म्हणतेय, तेवढ्यासाठी बंद कशाला?" सून म्हणाली.

"तेवढ्यासाठी?"

"दादा, आवाज," शेंडेफळ म्हणाला. "टाकीतलं पाणी हलतंय."

ब्लॉग हे खूळ सुनेनं थंडीत काढलं होतं. थोरलीच्या हिशेबी ब्लॉग म्हणजे दुकानाची पाटीच. फक्त ही पाटी बोलते आणि गल्लीच्या बाहेरही दिसते. सुरुवातीला ती पोट धरून हसली होती. "अगं, माणसं खुर्चीवर बसून वाचतात. खुर्चीबद्दल कोण वाचणार?" पण वाचत होते. सून लिहायची, की बैठक हातानं विणलेली आहे की यंत्रावरची चिकटवलेली, हे खुर्ची उलटी करून कसं ओळखावं. वेत किती भिजवावा. मांजराच्या नखांवर काय उपाय. आणि मग कुठल्या कुठल्या गावांहून माणसं आजोबांच्या आरामखुर्च्या गाडीच्या टपावर बांधून दारात उभी राहायला लागली. गल्लीतल्या शिंप्यालाही जे दुकान धड माहीत नव्हतं, ते शोधत लोक येत होते. थोरली गल्ल्यामागे बसून त्यांना न्याहाळायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "तिथे नक्की काय वाचलंत हो?"

असंच वाचून वाचनालयाच्या बाईंनी फोन केला होता. वाचनगृहातल्या सगळ्या खुर्च्या नव्यानं विणायच्या होत्या. ते काम मिळालं तर दुकान चालणार होतं. नाही मिळालं तर दादा एका गोदामात नोकरी धरणार होता. हे त्यानं आईपासून लपवलं होतं आणि आईला सगळं माहीत होतं.

"काय लिहिलंय काय त्याच्यात एवढं?" थोरलीनं विचारलं.

"मी नाही लिहिलेलं, आई. खाली लोक लिहितात ना, कमेंट. एकजण आहे, 'रिकामी खुर्ची' नावानं लिहितो. किंवा लिहिते."

"खरं नाव नाही?"

"नाही."

"मग त्याला भितोस कशाला?" हे दादाला. "वाच गं."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं टाकीकडे पाहिलं. तिनं वाचलं. आधीच्या आठवड्यात तिनं दादाच्या हातची एक बैठक पायरीपायरीनं फोटो काढून टाकली होती. सहा फेऱ्या, सहा फोटो: एक उभी, एक आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी आणि मग कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या दोन तिरक्या. त्याखाली रिकाम्या खुर्चीनं लिहिलं होतं: "चार फेऱ्या चांगल्या. पाचव्या फोटोत हात बदलला."

"हात बदलला? म्हणजे?"

"पुढे आहे. 'ही बैठक तिरक्या पट्टीवर तुटणार. कोपऱ्यापासून चार बोटांवर, आधी डाव्या अंगाला.' आणि मग..." सून थांबली.

"घशात अडकलं का काहीतरी?"

"'ज्यानं ही विणली, त्याला दोघांनी शिकवलंय.'"



"पुन्हा वाच," थोरली म्हणाली.

सुनेनं पुन्हा वाचलं. थोरली गल्ल्यामागून उठली आणि येऊन पडद्यासमोर उभी राहिली. अक्षरं तिला लागत होती, पण एकेक उचलून, जड पिशव्या जिना चढवाव्यात तशी. तिनं 'दोघांनी' या शब्दावर बोट ठेवलं. "ह्याला तिथून फोटोत एवढं दिसतं? आपण आता बोलतोय ते पण दिसतं का?"

"नाही हो, आई."

"बरं झालं. शेंडेफळाची दाढी तरी नको दिसायला."

"हा नाक्यावरचा फर्निचरवाला आहे," दादा म्हणाला. "आपल्याकडे गिऱ्हाईक यायला लागल्यापासून त्याच्या पोटात दुखतंय."

"त्याला वेत आणि सुतळी यांतला फरक कळत नाही," शेंडेफळ म्हणाला. "आणि एवढं लिहिणं त्याला जमेल? परवा पावतीवर सही करताना तो घामाघूम झाला होता."

"सही मलाही धड येत नाही," थोरली म्हणाली. "म्हणून मी तुला कधी घालूनपाडून बोलायची राहिलेय का?"

"वहिनी, तुम्हीच त्या कमेंट पुसून का नाही टाकत? ब्लॉग राहील, ह्याचं डोकं पण शांत राहील."

 पुसून टाकणं सुनेला एका बोटाचं काम होतं आणि ते बोट तिनं दोनदा उचललंही होतं. पण तिनं एक गोष्ट पाहिली होती. ज्या लेखाखाली रिकामी खुर्ची येऊन खोड काढायची, तो लेख बाकीच्यांच्या कैक पट वाचला जायचा. लोक विचारायचे, हात बदलला म्हणजे काय? मग कसं विणायचं? माझी खुर्ची पण तिथेच तुटलीय, बघाल का? तिच्या स्वच्छ, सरळ वाक्यांना जे कधी जमलं नव्हतं ते ह्या खडूस माणसाच्या दोन ओळींनी केलं होतं. हे नवऱ्याला कसं सांगायचं, ते तिला कळत नव्हतं.

"मला पण जाणून घ्यायचंय, कोण आहे ते," ती शेवटी एवढंच म्हणाली.

"मलाही," थोरली म्हणाली, आणि दादानं चमकून आईकडे पाहिलं. आई आपल्या बाजूची, हे तो सकाळपासून धरून चालला होता.

थोरली भिंतीकडे वळली. तिथे दुरुस्तीला परत आलेल्या तीन खुर्च्या उभ्या होत्या, तिन्ही दादाच्या हातच्या. अशा खुर्च्या मधूनमधून यायच्या आणि घरात त्यावर एक ठरलेलं उत्तर होतं: गिऱ्हाईकं धपकन बसतात. तिनं पहिल्या बैठकीवरून हात फिरवला. मग दुसऱ्या. मग तिसरीसमोर ती गुडघ्यावर बसली आणि तुटक्या पट्टीचं टोक चिमटीत धरून बघत राहिली.

"दादा."

"काय?"

"सगळी गिऱ्हाईकं एकाच जागी धपकन बसतात का रे?"

शेंडेफळाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. दादा उठला. "म्हणजे मला विणता येत नाही? इतकी वर्षं मी काय केलं इथे? आणि हे कोणाचं ऐकून? ज्याला स्वतःचं नाव लिहायची हिंमत नाही?"

"तुझ्या बापाशपथ, मला अजून काही कळलेलं नाही," थोरली म्हणाली. "म्हणून तर विचारतेय. सूनबाई, त्याला आपण काही लिहिलं तर त्याला पोचतं?"

"लगेच. आत्ता ऑनलाइन असेल तर उत्तर पण येईल."

"मग लिही. लिही, की नाव न सांगणाऱ्या माणसाला आम्ही चहासुद्धा विचारत नाही."

सुनेनं लिहिलं. चौघं पडद्याभोवती गोळा झाली. दादासुद्धा, एक पाऊल मागे राहून. उत्तर इतक्या लवकर आलं, की थोरली दचकली.

"'चहा नकोच. तुमच्याकडचा पातळ असतो.'"

"बघा, चहा प्यायलाय आपला," शेंडेफळ म्हणाला. "घरातला कोणीतरी आहे."

थोरलीचे डोळे चमकले. शेजारणीच्या बंद दारामागून आवाज आला की चमकतात तसे. "विचार, विणायला कुठे शिकलात."

या वेळी वेळ लागला. तिकडे कोणीतरी लिहीत होतं, पुसत होतं, पुन्हा लिहीत होतं.

"'समोर बसून,'" सुनेनं वाचलं. "'एक डावखुरी विणायची, तिच्या समोर. शिकवायची कमी, बोलायची जास्त.'"

 थोरलीनं आपला डावा हात वर केला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"धाकटी," ती म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच वर्षी या घरात आल्या. याच टाकीत थोरलीनं आधी हात घातला, आणि धाकटी तिच्यासमोर बसून शिकली. मग एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाईकाच्या देखत, धाकटीनं थोरलीनं बांधलेली गाठ सोडली आणि "अशी नको वहिनी, अशी," म्हणून पुन्हा बांधून दाखवली. गाठ धाकटीचीच चांगली होती. थोरलीनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे भाऊ वेगळे झाले, धाकटी नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. दोघींचे नवरे वारले तेव्हा माणसं आली-गेली, पण ह्या दोघींचं तोंड एकमेकींपुढे उघडलं नाही.

"काकू?" दादा म्हणाला. "काकू ब्लॉग वाचते?"

"काकू सगळं वाचते. दारावरचं कागदाचं चिटोरं वाचल्याशिवाय पुढे जायची नाही ती." थोरली खाली बसली. "आणि पुन्हा सगळ्यांच्या देखत. सवय गेली नाही मेलीची."

"मग पुसू का?" सुनेनं हळूच विचारलं.

"थांब गं. आधी मला हे 'दोघांनी' कळू दे." तिनं दादाला हातानं बोलावलं. "इकडे ये. तुझे वडील गेले तेव्हा तुझ्या किती फेऱ्या शिकून झाल्या होत्या?"

"चार."

"उरलेल्या दोन मी शिकवल्या. त्यांच्याकडे शिकताना तू कुठे बसायचास?"

"त्यांच्या शेजारी."

"ते उजवे, तू उजवा. त्यांचा हात चालायचा तसा तुझा चालायचा. बरोबर. आणि माझ्याकडे?"

दादानं वेताची जुडी पुढ्यात ओढली.

"शेजारीच," थोरली म्हणाली. "मी सांगायचे, समोर बस. धाकटी समोर बसायची, म्हणून आरशात दिसावं तसं तिचं सगळं उजव्या हाताला सरळ पडलं. तू शेजारी बसून माझा डावा हात जसाच्या तसा उचललास. तिरकी पट्टी मी डावीकडून काढते, कारण माझ्या खालच्या चार फेऱ्या पण डाव्या हाताच्या असतात. तुझ्या चार बापाच्या, वरच्या दोन माझ्या. पट्टी दोन उभ्या वेतांच्या जोडीखालून सरकायची, ती जोडीवर चढून बसते आणि घासते." तिनं तुटकं टोक त्याच्या अंगठ्यावर घासलं. "असं. समोर का नाही बसलास रे? किती ओरडायचे मी."

मोठा झालेला, केस पांढरे व्हायला लागलेला तो मुलगा वेताच्या जुडीकडे बघत म्हणाला, "समोर बसलो की तू लांब वाटायचीस."

शेंडेफळ दाराबाहेर बघायला लागला. सून लॅपटॉपच्या कडेवरची नसलेली धूळ पुसू लागली. थोरलीनं तुटकं टोक पुन्हा चिमटीत धरलं आणि सोडून दिलं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "वेताच्या हिशेबानं चुकलं. वेताला काय कळतं."

वाचनालयाच्या बाई सांगितलेल्या वेळेआधीच आल्या. काखेत छत्री, हातात फोन, चष्मा कपाळावर. ब्लॉग पुसायला कोणाला सवड झाली नव्हती. बसा म्हटल्यावर त्यांनी आधी खुर्ची वाकून खालून बघितली, आणि थोरलीला त्या तिथेच आवडल्या.

"मी तुमचं सगळं वाचलंय," त्या सुनेला म्हणाल्या. "कमेंटसकट. खरं सांगू का, कमेंट जास्त वाचल्या. ती रिकामी खुर्ची म्हणते, ते खरं आहे का?"

सुनेनं थोरलीकडे पाहिलं, थोरलीनं दादाकडे. सकाळी दादानं एक उत्तर तयार ठेवलं होतं, ते थोरलीला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं: कोणीतरी जळतं आमच्यावर, बाई.

"खरं आहे," दादा म्हणाला. त्यानं तुटकी खुर्ची ओढून पुढ्यात घेतली. "इथे हात लावा. ही पट्टी सरकायला हवी, सरकत नाही. मी विणलेल्या सगळ्या अशाच आहेत. कारण आज सकाळी कळलं."

"आज सकाळी?"

"घरगुती कारण आहे," थोरली मध्ये पडली. "सांगायला बसले तर तुमचं वाचनालय बंद व्हायची वेळ होईल. तिरक्या फेऱ्या आता नीट पडतील. मी बसतेय त्याच्यासमोर."

बाईंनी पट्टी पुन्हा चाचपली. "मला विणीतलं काही कळत नाही. सगळ्या खुर्च्या विणून झाल्या आणि मग तुटल्या, तर उत्तर मला द्यायचंय. असं करा, एक खुर्ची आणलीय, गाडीत आहे. ती विणा, ब्लॉगवर टाका. रिकामी खुर्ची ठीक म्हणाली, तर बाकीच्या पाठवते."

"आमच्या कामावर तिचा शिक्का?" थोरलीच्या आवाजाला धार आली. "हे दुकान आमचं आहे, बाई. मी कोणाला विचारून विणत नाही. मी कधीच कोणाला..."

"तुम्ही नका विचारू. मला विचारायचंय," बाई म्हणाल्या. "ती तुमची बाजू घेणार नाही, एवढं वाचून कळलं मला. असं माणूस शोधून सापडत नाही."

त्या गेल्यावर थोरलीनं छत्रीच्या टोकाचा फरशीवर उमटलेला ठिपका पायानं पुसला. मग तिनं दादाला वेत भिजवायला सांगितला.

त्या खुर्चीला पूर्ण दोन दिवस लागले. पहिल्या चार फेऱ्या दादानं एकट्यानं केल्या. पाचवीला थोरलीनं स्वतः चार फेऱ्या घातलेली दुसरी चौकट पुढ्यात घेतली आणि त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं. तिचा डावा हात आत गेला की त्याचा उजवा आत. तिनं ओढलं की त्यानं ओढलं. तो दोनदा चुकला, दोनदा तिनं त्याच्या कारागिरीबद्दल, झोपेबद्दल आणि सासरच्यांबद्दल बोलून घेतलं. सून म्हणाली, "माझ्या माहेरच्यांनी काय केलं यात?" थोरली म्हणाली, "काही नाही, हात मोकळा होतो." पण सहावी फेरी संपली आणि दादानं पट्टीवर नख ठेवून ओढलं, तेव्हा ती जोडीखालून अशी सुळकन सरकली, की त्यानं ती चारचारदा सरकवून पाहिली.

सुनेनं फोटो काढले. वरून, खालून, खिडकीच्या उजेडात. मग तिनं विचारलं, "आई, काय लिहू?"

"तू नाही. दे इकडे."

लॅपटॉप गल्ल्यावर ठेवला गेला. थोरलीनं डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि अक्षरं शोधायला लागली. शेंडेफळ मदत करायला वाकला, तर त्याला कोपर बसलं. आयुष्यात कोणाला न विचारलेला प्रश्न ती लिहीत होती आणि तो सगळ्या जगाला दिसणार होता. त्या शिंप्याला, नाक्यावरच्या फर्निचरवाल्याला, मांजरवाल्या लोकांना. घाम आला तरी ती थांबली नाही. लिहून झालं: "धाकटे, बघ. बरोबर आहे का?"

"पाठवू?" सुनेनं विचारलं.

"मीच दाबते. कुठे?"

तिनं दाबलं. मग कोणीच कामाला लागेना. दादा वेताची जुडी बांधत होता, ती त्यानं बांधून सोडली आणि पुन्हा बांधली. शेंडेफळाला एक खुर्ची पोचवायची होती, पण तो गेला नाही. आणि थोरलीला, भीती वाटायला हवी तिथे, फक्त एवढंच जाणून घ्यायची घाई झाली होती, की ती तिकडे कशी बसली असेल, चष्मा लागला असेल का, तिच्या समोर आता कोण बसत असेल.

उत्तर आलं तेव्हा ते दादानं वाचलं. "'चूक फोटोत दिसते. बरोबर आहे की नाही, ते हात लावल्याशिवाय सांगता येत नाही. उद्या येते.'"

"येते?" शेंडेफळ म्हणाला. "इथे?"

"मग काय फोटोत?" थोरली उठली. तिनं एका नजरेत सगळं दुकान पाहिलं: टाकीभोवतीचा चिखल, भिंतीजवळच्या तुटक्या खुर्च्या, जळलेला बल्ब. "तो दिवा बदला. फरशी घासा. ह्या परत आलेल्या खुर्च्या लपवायच्या नाहीत, इथेच राहू देत, ती पहिल्यांदा तेच बघायला जाईल. आणि दादा, ती बोलायला लागली की मधे तोंड घालायचं नाही. सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं."

"तू पण?" दादानं विचारलं.

थोरलीनं थोडा विचार केला.

"मी पण," ती म्हणाली. "पहिल्या गाठीपर्यंत."